पाडव्याच्या सत्कारासाठी नाव सुचवा: मूळ पेशींच्या कामात खरा मान कुणाचा?

रुईफूल | ४ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

आमच्या डोंबिवलीत चार-पाच सोसायट्यांचं मिळून एक छोटं मंडळ आहे. दर पाडव्याला स्वागतयात्रा आटोपली की आरोग्याच्या क्षेत्रात काम केलेल्या एका माणसाचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि वर्गणीतून जमलेली रक्कम ती व्यक्ती सांगेल त्या गरजू रुग्णाला. यंदा विषय ठरला स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या. परवाच्या बैठकीत एकाने एका दवाखान्याचं नाव सुचवलं. त्या दवाखान्याच्या पत्रकात गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर मूळ पेशींचं इंजेक्शन लिहिलेलं आहे, आणि मंडळाला देणगी द्यायची त्यांची तयारीही आहे. मी विरोध केला. "मग काकू, तुम्हीच नाव आणा," असं ठरलं. म्हणून इथे आले.

मी २६ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होते. त्यामुळे या विषयाकडे मी पिशवीच्या बाजूने पाहते. आपल्या कंबरेच्या हाडात जी मज्जा असते, तिच्यातल्या मूठभर पेशी आयुष्यभर रक्त तयार करत असतात. वाढलेल्या शरीरातल्या या मूळ पेशी, गर्भातल्या नव्हेत. त्यांच्यासाठी गर्भाला हात लावावा लागत नाही, आणि दिल्या तरी देणाऱ्याच्या शरीरात काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात. जगभर ज्या मूळ पेशींनी खरोखर सर्वांत जास्त जीव वाचवले, त्या ह्याच. लोक त्याला बोन मॅरो म्हणतात, त्यामुळे हेच स्टेम सेल हे लक्षातच येत नाही.

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण आपल्या मुंबईत झालं, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये, २० मार्च १९८३ रोजी. रक्ताचा कर्करोग असलेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा दिली तिच्या भावाने. करणारे डॉक्टर सुरेश अडवाणी. अडवाणी सरांना लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. ग्रँट मेडिकल कॉलेजने आधी त्याच कारणाने प्रवेश नाकारला होता. सर मागे हटले नाहीत. पुढे अमेरिकेत सिॲटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकले आणि परत इथेच आले. २००२ मध्ये पद्मश्री, २०१२ मध्ये पद्मभूषण.

म्हणजे नाव माझ्याकडे आहे. पण सरांना आमच्या शालीची काय गरज! आणि खरं सांगू, मला सारखा आठवतो तो देणारा भाऊ. त्याचं नाव कुठे वाचल्याचं आठवत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आठ वर्षांची मुलगी भावासाठी मज्जा द्यायला आली होती. आदल्या दिवशी मी तिचं रक्त घेत होते, तेव्हा तिने विचारलं, "मावशी, माझं संपणार नाही ना?" 

तुम्ही सुचवा. कुणाचा मान करावा, आणि का?

---

चिंचपोकळी_जुना | ४ मार्च, रात्री ११:५८

रुईफूलताई, फार चांगला धागा.

डॉनल थॉमस यांचा विषय काढलात म्हणून त्यांच्या पत्नीबद्दल लिहितो. डॉटी थॉमस. शिकत होत्या पत्रकारिता, नवऱ्याच्या कामासाठी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं, आणि पुढे त्याच्या प्रत्येक निबंधावरून हात फिरवला, प्रयोगशाळेचा आणि संशोधनाचा सगळा कारभार सांभाळला. १९५७ मध्ये थॉमस यांनी सहा रुग्णांवर मज्जा देण्याचा पहिला प्रयत्न छापला. सहापैकी एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. बहुतेकांनी हा नाद सोडला. ही दोघं पुन्हा प्राण्यांवरच्या प्रयोगांकडे वळली, वर्षानुवर्षं तिथेच राहिली, आणि १९६९ मध्ये परत माणसाकडे आली. नोबेल १९९० मध्ये मिळालं, ते जोझेफ मरे यांच्यासोबत. डॉटींना त्या क्षेत्रातले लोक 'अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची आई' म्हणतात, पण पदकावर नाव नाही.

आणि टोरोंटोचे टिल आणि मॅकलक. १९६१ साली किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना त्यांनी मज्जा टोचली, तर प्लीहेवर छोट्या गाठी आल्या. जितक्या पेशी जास्त, तितक्या गाठी जास्त. दोन वर्षांनी दाखवलं की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे. मूळ पेशी असते हे कल्पनेतून मोजमापात आलं ते इथे. २००५ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल नाही.

देणाऱ्यांबद्दल म्हणाल तर १९५८ चं व्हिंचा आठवा. युगोस्लाव्हियातल्या अणुभट्टीत अपघात झाला, सहा जणांना किरणोत्सर्ग झाला, त्यांना पॅरिसला आणलं. डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच माणसांची मज्जा दिली. अनोळखी देशातल्या अनोळखी माणसांसाठी हे लोक भुलीखाली झोपले. आपल्याला काय होईल हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. पाचपैकी चार रुग्ण जगले.

---

गोदाकाठ_नांदेड | ५ मार्च, सकाळी ७:१५

मी डॉक्टर नाही, बीबियाण्याचं दुकान आहे. पण मूळ पेशींमुळे माझ्या पुतण्याचा डोळा वाचला, म्हणून लिहितो.

पोरगा सहा वर्षांचा होता. आजोबांच्या चुन्याची पुडी हातात घेऊन दाबली आणि फुटून डोळ्यात गेली. तंबाखूच्या चुन्याने पोरांचे डोळे जातात हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. डोळा पांढराधोप. बुबुळाच्या कडेला जी गोल कड असते तिथे डोळ्याच्या मूळ पेशी राहतात, त्याच जळाल्या होत्या. त्या नसल्या की बुबुळावर नवी त्वचा येत नाही, उलट रक्तवाहिन्या चढतात, आणि दुसऱ्याचं बुबुळ बसवलं तरी टिकत नाही.

नांदेडहून आमच्यासाठी हैदराबादच जवळ. एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत नेलं. चांगल्या डोळ्याच्या कडेवरून जेमतेम दोन मिलीमीटरचा तुकडा घेतला, त्याचे बारीक आठ-दहा कण केले आणि जळालेल्या डोळ्यावर वारेच्या पातळ पटलावर चिकटवले. बाळंतपणात पडलेल्या वारेचं पटल! ते कण तिथेच पसरत वाढले. मला नंतर कळलं की आधी या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत, खर्च फार. ही सोपी पद्धत त्याच संस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडली. त्यांना २००६ मध्ये विज्ञानातला भटनागर पुरस्कार मिळालेला आहे.

आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. तिथे निम्म्याहून जास्त रुग्णांवर फुकट उपचार होतात, आणि पैसे देणारा आणि न देणारा यांचं ऑपरेशन एकच. अमेरिकेतून परतलेल्या डॉ. गुल्लापल्ली राव यांनी ती संस्था उभी केली, आणि सिनेमावाले एल. व्ही. प्रसाद यांनी जमीन आणि एक कोटी रुपये दिले. पोरगा आता अकरावीला आहे. माझं मत सांगवान सरांना.

---

मेघनाद | ५ मार्च, दुपारी १:४०

ज्या दवाखान्याला रुईफूल नाकारत आहेत तशाच एका ठिकाणी मी माझ्या मुलाला घेऊन गेले होते. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. तेव्हा तो चार वर्षांचा होता.

मला इथे कुणी 'फसलात' असं म्हणू नये, एवढीच विनंती. आम्ही दोघं शिकलेलो आहोत. पण सगळीकडे "फिजिओ चालू ठेवा" एवढंच ऐकून तीन वर्षं झाल्यावर कुणीतरी समोर बसून तासभर बोलतं, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "शक्यता आहे." दागिने मोडले. तीन वेळा पाठीच्या कण्यात टोचलं. प्रत्येक वेळी तो तापाने फणफणला. नंतर दोन महिने तो मान जास्त सावरतोय असं आम्हाला वाटत राहिलं. तिथले कागद आजही कपाटात आहेत. संमतिपत्रावर इंग्रजीत 'प्रायोगिक' असा शब्द आहे आणि पावतीवर 'उपचार'. तो फरक मला त्या दिवशी कुणी समजावून सांगितला असता तर मी कदाचित तरीही सही केली असती, कदाचित नाही. पण विचारायचा हक्क होता मला.

सत्कार कुणाचाही करा. त्यांचा करू नका.

---

रुईफूल | ५ मार्च, संध्याकाळी ६:०५

मेघनाद, तुमचं वाचून मी काही वेळ उठून गच्चीवर गेले. तुमचं पोस्ट, तुमचं आयडी न देता, मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवू का? तुम्ही 'नाही' म्हणालात तर अजिबात नाही.

---

मेघनाद | ५ मार्च, संध्याकाळी ६:३०

वाचा. पावतीचं मात्र आवर्जून वाचा.

---

सज्जनगड | ५ मार्च, रात्री ९:१०

बालरोगतज्ज्ञ आहे, साताऱ्यात. मेघनादताईंनी नेमकं बोट ठेवलंय, प्रायोगिक आणि उपचार.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मूळ पेशींवरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचा गाभा मी माझ्याकडे येणाऱ्या पालकांना असा सांगतो: रक्ताच्या ठराविक आजारांसाठी मज्जेचं किंवा रक्तातल्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण हा सिद्ध उपचार. बाकी बहुतेक सगळं संशोधन. संशोधन म्हणजे त्याची नैतिकता तपासणाऱ्या आचारसमितीची परवानगी हवी, सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद हवी, आणि रुग्णाकडून एक रुपया घेता कामा नये. तुमच्या मुलावर प्रयोग करायचा आणि त्याचं बिलही तुम्हालाच द्यायचं, हे तत्त्वांतच बसत नाही.

नाळेतल्या रक्ताच्या बँकांबद्दलही लिहायला हवं. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत त्यांचे प्रतिनिधी येतात. बाळाची नाळ जपून ठेवा, उद्या त्यालाच उपयोगी पडेल, असं सांगतात. थॅलेसेमियासारखा रक्ताचा जन्मजात आजार असेल तर तोच दोष त्या नाळरक्तातही असणार, मग ते त्याच बाळाला कसं द्यायचं? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये अशा खाजगी साठवणुकीला 'विमा' म्हणून शिफारस करत नाही, असं स्पष्ट म्हटलं. घरात मोठं भावंड थॅलेसेमियाचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे धाकट्याची नाळ कामाची ठरू शकते.

मला विचाराल तर जो डॉक्टर पालकांना "नाही, यात काही सिद्ध झालेलं नाही" असं सांगून फी न घेता घरी पाठवतो, त्याचा सत्कार कधीच होत नाही. आमच्या धंद्यात तो सर्वांत अवघड शब्द आहे.

---

थंडीतला_कोकणी | ६ मार्च, रात्री २:२५

स्टॉकहोमहून. सज्जनगड, तुमच्या शेवटच्या ओळीवरून इथलं सांगतो.

२०११ मध्ये पाओलो मॅकियारिनी नावाच्या शल्यविशारदाने इथल्या कॅरोलिन्स्का वैद्यकीय संस्थेच्या रुग्णालयात प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. ती रुग्णाच्या मूळ पेशींनी लेपलेली, आता ती जिवंत नळी होईल, असा दावा. जगभर टाळ्या. वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या संस्थेतून ठरतं त्याच संस्थेतलं काम! पहिला रुग्ण एरिट्रियाचा, आइसलँडमध्ये शिकणारा तरुण. २०१४ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी त्याच रुग्णालयातल्या चार डॉक्टरांनी, ग्रिन्नेमो, कोर्बाशियो, फुक्स आणि सिमोन्सन यांनी, रुग्णांच्या नोंदी तपासून लिहून दिलं की छापलेलं आणि घडलेलं जुळत नाही. त्यांना शाबासकी मिळाली नाही. उलट त्यांच्यावरच ठपके ठेवायचा प्रयत्न झाला. अखेर २०२३ मध्ये अपील कोर्टाने मॅकियारिनीला अडीच वर्षांची कैद सुनावली.

मी त्याच शहरात राहतो, रोज त्या इमारतीवरून बस जाते. नीतीसाठी मान द्यायचा तर मी या चौघांसारख्या माणसांना देईन. तुमच्या आसपास असे कुणी असतील, फक्त ते बोलत नसतील.

---

करवीर_वकील | ६ मार्च, सकाळी ११:००

एक अडचणीचा प्रश्न. रुईफूलताईंनी सांगितलेली आठ वर्षांची मुलगी. तिची संमती कुणी घेतली? आईवडिलांनी दिली असणार. पण आईवडील दोन्ही मुलांचे. एकाच्या जिवासाठी दुसऱ्याला भूल द्यायला ते 'नाही' म्हणूच कसे शकतील?

आणि आता पुढची पायरी आलेली आहे. २०२० मध्ये अहमदाबादची बातमी आली होती. थॅलेसेमिया झालेल्या भावाशी जुळेल असं भ्रूण निवडून जन्माला घातलेली बहीण, आणि दीड वर्षाची असताना तिची मज्जा. भाऊ बरा झाला, याचा आनंद मलाही आहे. तरीही त्या मुलीच्या बाजूने कुणीतरी स्वतंत्र माणूस त्या खोलीत असायला हवा, असं मला वाटतं.

---

रुईफूल | ६ मार्च, दुपारी ३:४५

वकीलसाहेब, बरोबर विचारलंत. त्या काळी आमच्याकडे वेगळा कुणी नव्हता. पण तिला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आईवडिलांना बाहेर पाठवून तिच्याशी एकटीशी बोलणं केलं होतं, हे मी दारातून पाहिलं. काय बोलल्या माहीत नाही. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "ती तयार आहे, पण तिला नंतर आइस्क्रीम भावाच्या आधी हवंय." ते आम्ही पाळलं.

---

सातपुडा_पायथा | ६ मार्च, रात्री ८:२०

धडगाव भागात शिक्षक आहे. इथे मज्जा प्रत्यारोपण हा शब्द वर्गात कुणाला माहीत नाही, पण सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, प्रत्येक पाड्याला माहीत आहे. सांधे धरून रडणारी पोरं बाकावर बसलेली असतात.

सिकलसेलही मूळ पेशींनी बरा होऊ शकतो. जुळणारं भावंड मिळालं तर. आता जनुक दुरुस्त करून स्वतःच्याच पेशी परत देण्याचे उपचार २०२३ मध्ये परदेशात मंजूर झाले, त्यांची किंमत कोट्यवधी. आमच्याकडे रक्त तपासून आजाराचं कार्ड मिळालं तरी खूप. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचे डॉ. सुदाम काटे येतात. मूळ पेशींचे नव्हेत, पण आदिवासी पट्ट्यात हिंडून सिकलसेल शोधणारे, दवाखाना लोकांच्या दारात नेणारे. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. रुग्ण कुठे आहेत हेच माहीत नसेल तर प्रत्यारोपण कुणाचं करणार?

---

दाता_पाचशेसात | ७ मार्च, सकाळी ९:३०

मी दिलंय. गेल्या वर्षी. अनोळखी माणसाला.

कॉलेजच्या शिबिरात गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना दिला होता, विसरूनही गेलो. चार वर्षांनी दाता-नोंदणीतून फोन, "एक रुग्ण तुमच्याशी जुळतोय." आई घाबरली, तिला वाटलं पाठीच्या कण्यातून काढतात. तसं नाही. पाच दिवस रोज एक इंजेक्शन, त्याने मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. हाडं ठणकतात, फ्लूसारखं वाटतं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, पेशी वेगळ्या होऊन दुसऱ्या हातात परत. चारेक तास. मी झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी घरी, चौथ्या दिवशी कामावर.

एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात कुणी जुळलं नाही तर बहुधा अनोळखी माणसावर अवलंबून. आणि जुळणारा माणूस बहुधा आपल्याच भागातला, आपल्यासारख्याच मुळांचा निघतो, त्यामुळे जर्मनीची भली मोठी यादी मराठी पोराच्या फार कामाची नाही. लंडनला १९७४ मध्ये शर्ली नोलन या आईने मुलासाठी जगातली पहिली अशी नोंदणी सुरू केली. तिच्या अँथनीला शेवटपर्यंत जुळणारा मिळाला नाही, १९७९ मध्ये तो गेला. नोंदणी आजही चालू आहे.

मला रुग्णाचं नाव माहीत नाही. फक्त 'मूल' एवढं सांगितलं.

---

बोरिवली_पूर्व | ७ मार्च, दुपारी १२:१०

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भाचीच्या वेळी शोधलेलं. थॅलेसेमियासाठी कोल इंडियाची योजना आहे, जुळणारं भावंड असेल तर १० लाखांपर्यंत मदत, ठरावीक रुग्णालयांत. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं मज्जा प्रत्यारोपण केंद्र २०१८ पासून. आणि महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात. दारावरचा माणूस 'शिल्लक नाहीत' म्हणाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्या. आम्ही दिलं, तेव्हा खाट निघाली. आम्हाला हे सांगितलं ते तिथल्या समाजसेवा विभागातल्या एका बाईंनी, आपल्या जेवणाच्या सुट्टीत.

---

सज्जनगड | ७ मार्च, दुपारी २:००

दाता_पाचशेसात, मान झुकवतो.

---

रुईफूल | ११ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, काल बैठक झाली. मेघनाद यांचं पोस्ट वाचलं. पावतीच्या ओळीला कुणी काही बोललं नाही. ज्यांनी दवाखान्याचं नाव आणलं होतं त्यांनीच ते मागे घेतलं आणि देणगीही नको म्हणाले. त्यांच्या भावजयीने त्याच महिन्यात नाळेच्या बँकेचा दुसरा हप्ता भरला होता, हे त्यांनी नंतर जिन्यात सांगितलं.

यापुढे कुणाचंही नाव आलं तर दोन प्रश्न विचारायचे असं लिहून घेतलं: प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेतात का? आणि गरिबाला तोच उपचार मिळतो का? सांगवान सर, अडवाणी सर, डॉटी थॉमस, स्टॉकहोमचे चौघे, काटे सर, सगळ्यांबद्दल त्या दिवशी पाच-पाच मिनिटं बोलणार आहोत. नांदेडकर, तुमचा पुतण्या दोन शब्द बोलेल का?

शाल मात्र त्या आठ वर्षांच्या मुलीला. ती आता कल्याणला शिवणकाम करते. मी जुन्या सिस्टरांकडून नंबर मिळवला आणि फोन केला. तिला आधी पटेना. "मी काय केलं मावशी, झोपले होते मी." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, येईन, पण भाऊ रिक्षा चालवतो, पाडव्याला त्याची चांगली कमाई असते, तो अकरापर्यंतच थांबेल.

म्हणून कार्यक्रम दहाला सुरू. त्याआधी साडेआठपासून गालाच्या नमुन्यांचं टेबल. नोंदणी संस्थेशी बोलणं झालंय, त्यांची माणसं येतील, दाता_पाचशेसात टेबलावर बसायला कबूल झालेत. वय १८ ते ५० च्या आतलं कुणी डोंबिवली-कल्याण-ठाण्याकडे असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्ता पाठवते. आइस्क्रीमची सोय मी करतेय.